पदाचे कवच आणि तारखांचा तट

१ जुलै २०२४ या एकाच दिवशी जगात दोन ठिकाणी दोन गोष्टी घडल्या. वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रकरणात, राष्ट्राध्यक्षाने अधिकारपदावरून केलेल्या कृत्यांबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला कितपत चालविता येईल, याचा निर्णय दिला. आपल्याकडे त्याच दिवशी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली. या नव्या संहितेच्या २१८ व्या कलमाने, सरकारी अधिकाऱ्यावर खटला भरण्यास जी पूर्वपरवानगी लागते, तिला १२० दिवसांची मुदत घातली. पहिल्या घटनेची चर्चा जगभर झाली. दुसरीची आपल्याच देशात फारशी झाली नाही. वास्तविक दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. सत्तेच्या आसनावर बसलेल्या माणसास न्यायासनापुढे उभे करता येते काय, आणि येत असेल तर केव्हा? यातील पूर्वार्धावर घटनापंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. आमच्या मते खरी मेख त्या ‘केव्हा’ या शब्दात आहे.

अमेरिकेतील प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलथविण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. ४ मार्च २०२४ ही सुनावणीची तारीख ठरली. त्याआधीच राष्ट्राध्यक्षास संरक्षण आहे की नाही हा वाद वरच्या न्यायालयात गेला आणि खटला जागच्या जागी थांबला. शेवटी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय आला तो असा : घटनेने राष्ट्राध्यक्षाला दिलेल्या गाभ्याच्या अधिकारांबाबत पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृत्यांबाबत संरक्षण आहे असे गृहीत धरावयाचे, खासगी कृत्यांबाबत मात्र काहीच नाही. आता कोणते कृत्य अधिकृत आणि कोणते खासगी, हे खालच्या न्यायालयाने निवडीत बसावयाचे. ते होण्यापूर्वीच नोव्हेंबरात निवडणूक झाली, ट्रम्प निवडून आले, आणि पदावरील राष्ट्राध्यक्षावर खटला चालविता येत नाही या जुन्या धोरणास अनुसरून सरकारी पक्षाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी खटला मागे घेण्याची विनंती केली. न्यायालयाने त्यांना दोषी म्हटले नाही आणि निर्दोषही म्हटले नाही. या खटल्यात एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

याच न्यायालयाने बरोबर पन्नास वर्षांपूर्वी काय केले होते, हेही येथे आठवावे. अध्यक्ष निक्सन यांनी ध्वनिफिती देण्याचे नाकारले, तेव्हा ८ जुलै १९७४ रोजी युक्तिवाद झाले आणि २४ जुलै रोजी एकमताने निर्णय झाला की, फिती हजर कराव्यात. पुढे सोळाव्या दिवशी निक्सन पायउतार झाले. त्यांना पुढे माफी मिळाली, तो भाग निराळा. परंतु न्यायालयाने मनावर घेतले म्हणजे सर्वोच्च पदाधिकाऱ्याविषयीचा प्रश्नही पंधरवड्यात निकालात निघू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. १९७४ आणि २०२४ यांतील फरक कायद्याच्या अर्थाइतकाच वेळाचाही आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या राज्यघटनेच्या ३६१ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपती व राज्यपाल यांना संरक्षण दिले आहे. त्यांच्या पदाच्या कालावधीत त्यांच्यावर कोणतीही फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही, चालू ठेवता येत नाही आणि त्यांच्या अटकेचे फर्मान काढता येत नाही. या तरतुदीत अनुचित असे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. राष्ट्राच्या वा राज्याच्या प्रमुखास कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात कोणाच्याही फिर्यादीवरून खेचता येऊ लागले, तर राज्यकारभाराची शोभा होईल. शिवाय घटनाकारांनी दोन मर्यादा घालून ठेवल्या आहेत. कवच पदाच्या कालावधीपुरतेच आहे. आणि ते व्यक्तीला आहे, तिने केलेल्या सरकारी कृत्याला नाही. बिहार विधानसभा विसर्जनाच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, राज्यपालांना जातीने उत्तर देण्यास बोलावता येत नसले, तरी त्यांच्या कृतीची वैधता न्यायालय तपासू शकते.

ही मुदतीची अट किती मोलाची आहे, हे आणीबाणीने दाखविले. ऑगस्ट १९७५ मध्ये ४१ व्या घटनादुरुस्तीचे एक विधेयक राज्यसभेत संमत झाले. राष्ट्रपती, पंतप्रधान व राज्यपाल यांना, पदावर असताना किंवा त्यापूर्वी केलेल्या कृत्यांबद्दलही, फौजदारी कारवाईपासून आजन्म संरक्षण द्यावे असा त्याचा आशय होता. सुदैवाने ते लोकसभेपुढे आलेच नाही आणि तसेच बारगळले. जे त्या काळच्या सरकारलाही शेवटास नेता आले नाही, ते आजन्म संरक्षण आपल्या व्यवस्थेने मात्र एक अक्षरही न बदलता निर्माण करून ठेवले आहे. त्याचे नाव तारीख.

एक हिशेब मांडू. बाबरी मशिदीच्या पाडावाचा गुन्हा डिसेंबर १९९२ मधील. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कटाचा खटला चालविण्याचा आदेश दिला, तेव्हा कल्याणसिंग राजस्थानचे राज्यपाल होते. ते पदावर आहेत तोवर त्यांना ३६१ व्या अनुच्छेदाचे संरक्षण राहील, पद सोडताच त्यांच्यावर आरोप ठेवावेत, असे न्यायालयाने सांगितले. आणि २०१९ साली पद सुटताच तसे झालेही. ३० सप्टेंबर २०२० रोजी निकाल लागून हयात असलेले ३२ आरोपी निर्दोष सुटले. एकूण ४९ आरोपींपैकी १७ जण निकालाची वाट पाहता पाहता जग सोडून गेले होते. या अठ्ठावीस वर्षांतून राज्यपालपदाची पाच वर्षे वजा केली, तर तेवीस उरतात. त्या तेवीस वर्षांना घटनेच्या कोणत्या अनुच्छेदाचा आधार होता?

महाराष्ट्रास तर उदाहरणासाठी उत्तरेकडे जावयाचेही कारण नाही. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, नियंत्रणातील सिमेंटचे वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा आरोप १९८१ साली झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निर्णयानंतर अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. रामदास नायक यांनी फौजदारी फिर्याद केली, राज्यपालांनी त्या वर्षीच्या जुलैत परवानगी दिली आणि ऑगस्टात फिर्याद नव्याने दाखल झाली. आता साक्षीपुरावे सुरू होतील असे कोणासही वाटले असते. झाले ते निराळेच. जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी ठरविले की, आरोपी आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक होय, आणि त्या नात्याने लागणारी परवानगी घेतलेली नाही. सबब आरोपी मुक्त. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटविले. आमदार हा भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे, ज्या पदाचा दुरुपयोग झाला असे म्हणतात त्या पदापुरतीच परवानगी लागते, आणि ते पद सुटले असेल तर तीही लागत नाही, असा तो निर्णय. अडीच वर्षांत खटला इंचभरही पुढे सरकला नाही, याबद्दल न्यायालयाने खंत व्यक्त केली आणि तो रोजच्या रोज चालवावा म्हणून थेट उच्च न्यायालयाकडे सोपविला.

तेथे ५७ साक्षीदार तपासले गेले. काही आरोप ठेवले, काही वगळले, त्यावर पुन्हा दिल्लीची वारी झाली. १९८६ साली दुसऱ्या न्यायमूर्तींनी ७९ आरोप निश्चित केले. आणि एप्रिल १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असे ठरविले की, १९८४ साली खटला उच्च न्यायालयाकडे पाठविला हेच कायद्याला धरून नव्हते. न्यायालयाच्या चुकीची झळ पक्षकाराला बसता कामा नये. गाडी पुन्हा विशेष न्यायाधीशांच्या स्थानकावर! डिसेंबर १९९१ मध्ये हेच प्रकरण पाच न्यायमूर्तींपुढे पुन्हा आले, तेव्हा चर्चेचा विषय होता, आरोपीला शीघ्र सुनावणीचा हक्क किती. अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले आणि २०१४ साली निवर्तले. ते दोषी होते की निर्दोष, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सिमेंट कोणाला, कशाच्या बदल्यात मिळाले, हा मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि दहा वर्षे गेली ती परवानगी कोणाची, न्यायालय कोणते आणि आरोप किती या प्रश्नांत. या वाटेवरील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे वाचला, तर विद्वत्तापूर्ण आहे. सर्व मिळून जे झाले ते भिजत घोंगडे.

परवानगीचा खेळ त्यानंतरही संपला नाही. ‘आदर्श’ इमारत प्रकरणी माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर खटला भरण्यास २०१३ साली एका राज्यपालांनी नकार दिला, २०१६ साली दुसऱ्या राज्यपालांनी होकार दिला, आणि २०१७ साली उच्च न्यायालयाने तो होकार रद्द केला. आरोपीच्या दृष्टीने पाहा किंवा फिर्यादीच्या. परवानगीची दारे अशी उघडमीट करू लागली, म्हणजे जनतेच्या मनात कायद्याविषयी आदर राहत नाही. निर्दोष माणसाच्या कपाळीचा डाग पुसला जात नाही आणि दोषी माणसाला तो लागत नाही. विलंबाचा हा दुहेरी अन्याय आहे. त्यामुळे शीघ्र सुनावणीची मागणी आरोपीच्या विरोधातली आहे, हा समज आम्ही साफ नाकारतो.

न्यायालयांना याची जाणीव नाही असे मुळीच नाही. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात १९७९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने शीघ्र सुनावणी हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. १९९१ च्या अंतुले निर्णयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मात्र अमुक वर्षांत खटला संपलाच पाहिजे अशी रेषा आखण्याचे नाकारले, आणि २००२ साली सात न्यायमूर्तींनी तेच कायम केले. यामागील कारण उमजण्यासारखे आहे. मुदत संपताच खटला बुडणार असे ठरले, तर वेळ काढणाऱ्यालाच बक्षीस मिळेल. परंतु रेषा नको म्हणताना दुसरा कोणता उपाय हवा, हे व्यवस्थेने अद्याप ठरविलेले नाही. आज देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत आणि त्यांतील तीन कोटींहून अधिक फौजदारी आहेत.

नव्या संहितेत मुदती पुष्कळ आहेत. आरोपावरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करावेत, युक्तिवाद संपल्यावर ३० व फार तर ४५ दिवसांत निकाल द्यावा, दोहोंहून अधिक तहकुबी देऊ नयेत. उपदेश उत्तम आहे; पण तो मोडला तर पुढे काय, याविषयी संहिता मौन पाळते. अपवाद २१८ व्या कलमाचा. तेथे १२० दिवसांत सरकारने निर्णय न दिल्यास परवानगी दिली असे मानले जाते. म्हणजे मुदतीमागे परिणाम उभा आहे. आणि जेथे ही धार सर्वांत अधिक हवी, तेथेच ती नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमात २०१८ साली तीन महिन्यांची मुदत घातली, तीही निर्णय कळविण्याचा ‘प्रयत्न करावा’ अशा भाषेत. त्याच वर्षी आलेल्या १७ अ कलमाने तर खटल्याच्या आधी, चौकशीलाच पूर्वसंमतीची अट घातली. लाच घेतल्याचा आरोप असलेल्या अधिकाऱ्याची फाइल सरकारने दाबून धरली, तर कायदा सरकारला फक्त प्रयत्न करावयास सांगतो! तळे राखणाऱ्याने पाणी चाखले की नाही, हे त्याच्याच सोबत्यांनी सवडीने ठरवावयाचे, असा हा न्याय आहे.

आमच्या वसई-विरारच्या वाचकांना ही चर्चा दूरची वाटण्याचा संभव आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु या भूमीला पदाच्या कवचाची किंमत एकदा प्रत्यक्ष मोजावी लागली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष त्यांच्या पदरात घातला, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज गती नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा शाळकरी मुलांस पाठ असते. तिचा उत्तरार्ध वर्गात सहसा सांगितला जात नाही, आणि तो वसईचा आहे. बारभाईंनी सत्तेबाहेर काढलेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहाने, फौजेच्या मदतीच्या मोबदल्यात, त्यांनी साष्टी व वसई इंग्रजांस देऊ केली. चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ साली हजारो जिवांचे मोल देऊन घेतलेली ही वसई! डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डच्या फौजेने किल्ला घेतला. सालबाईच्या तहाने १७८२ साली तो परत आला. साष्टी गेली ती गेलीच. शिक्षा चुकविणे एवढाच रघुनाथरावांचा हेतू होता असे कोणी म्हणणार नाही. गादीचा लोभ त्याहून मोठा होता. तरी इतके खरे की, न्यायाधीशाचा निवाडा सत्ताधीशापर्यंत पोहोचला, पण त्याची अंमलबजावणी करणारा हात नव्हता, आणि त्या उणिवेचे मोल ज्यांचा त्या अपराधाशी काडीचाही संबंध नव्हता अशा लोकांनी मोजले.

आजही तेच लोक मोजत आहेत. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रकल्प व कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या सुमारे ६० एकर जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. ८ जुलै २०२४ रोजी, म्हणजे नवी संहिता लागू झाल्यावर आठवड्याने, मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. कायद्याचे पाऊल तेथे योग्यच पडले, हे आम्हांस मान्य आहे. पण इमारती काही एका रात्रीत उगवत नाहीत. पाया खणला जातो, मजल्यावर मजला चढतो, नळजोड मिळतो, वीज येते, घरपट्टी लागते. पुढे महापालिकेच्या माजी आयुक्तांस ऑगस्ट २०२५ मध्ये अटक झाली आणि ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरविली. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने कोणाच्याही दोषादोषाविषयी आम्ही अवाक्षर काढणार नाही. अधिकाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण मिळालेच पाहिजे. मात्र ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले, त्यांचा निकाल आठ महिन्यांत लागून अंमलातही आला. ज्यांच्या सहीने किंवा डोळेझाकीने ते घर उभे राहिले, त्यांचा निकाल किती वर्षांनी लागावा? २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेस अशीच एक अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे मृत्यू पावली. त्यांच्या नातलगांनी हा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर द्यावयास कोणी तरी बांधील असले पाहिजे.

पूर्वपरवानगीची अटच काढून टाका, असे सुचविणारे आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. या शहरात अनधिकृत बांधकामावर हातोडा घालू पाहणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध खोट्या फिर्यादी करणारे कमी निघणार नाहीत, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला ही ढाल हवीच. ढालीला मुदत असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. यासाठी संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या दोन्ही कलमांना नव्या संहितेतील १२० दिवसांचा नियम त्याच्या परिणामासह लावावा. परवानगी नाकारावयाची असेल, तर सरकारने ती लेखी कारणांसह नाकारावी आणि ती कारणे जनतेस वाचावयास मिळावीत. परवानगी, अधिकारक्षेत्र, आरोपांची संख्या असल्या प्राथमिक आक्षेपांची सुनावणी एकदाच व एकत्र व्हावी, आणि त्यावरील अपील चालू असताना साक्षी नोंदविण्याचे काम थांबू नये. आमदार-खासदारांवरील खटल्यांवर उच्च न्यायालयांनी स्वतः देखरेख ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे. त्या देखरेखीत महापालिकांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवरील खटलेही यावेत. आणि २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या या शहरास पुरेसे न्यायाधीश व सरकारी वकील द्यावेत, ही मागणी राज्य सरकारकडे करण्यासाठी येथील वकील संघटनेने, लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी पक्षभेद विसरून एकत्र यावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या लोकांनी अनुभवातून केली. सामान्य माणसाने धास्तीने ती पायरी टाळावी आणि सत्तावानाने तीवर एकदा चढून तारखांच्या आड निश्चिंत बसावे, हे लोकशाही राज्यात शोभत नाही. वरील सूचनांपैकी परवानगीची मुदत ही एका लहानशा दुरुस्तीने साध्य होणारी गोष्ट आहे. तिला आमच्या भागाच्या खासदारांचा पाठिंबा आहे की विरोध, हे त्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनापूर्वी मतदारांना स्पष्टपणे सांगावे, अशी आमची मागणी आहे.